आधी खुर्ची, मग कुंडी: नाशिकमध्ये साडेतीन हजारांच्या आत बाग

आमचं रो-हाउस पाथर्डी फाट्याच्या बाजूला. पुढे नऊ फूट बाय चौदा फूट मोकळी जागा, घराचं तोंड पश्चिमेला, दक्षिणेला शेजाऱ्यांची सहा फुटी भिंत. राहायला आलो त्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी नर्सरीत जाऊन बावीस रोपं उचलून आणली. जे फुललेलं दिसलं ते घेतलं. चार हजार गेले. पुढच्या मे महिन्यात त्यातली तीन उरली होती, आणि त्यातली एक कोरफड होती, जी काही केल्या मरत नाही.

दुसऱ्या खेपेला वहीत हिशेब लिहून काम केलं. एकूण खर्च ३,३८० रुपये. माती-खतं ९७०, कुंड्या-क्रेट-रांजण १,०८०, वेलाचा मांडव ४८०, रंग २५०, विकतची रोपं २००, आणि शेडनेट, खुरपं, झारी मिळून ४००. भाव वर्षागणिक हलतात, पण पैसा कुठे जातो ते यातून कळेल. रोपांवर सगळ्यांत कमी गेला आहे, आणि तो तसाच जायला हवा.

आठ दिवस नुसतं बसा

काहीही आणण्याआधी जागेत एक खुर्ची ठेवा. घरातली प्लास्टिकची चालेल. सकाळी चहा घेऊन तिथे बसा, संध्याकाळी कामावरून आल्यावर बसा. तिथून समोर काय दिसतं? मला दिसत होतं पाण्याचं मीटर, शेजारच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आणि भिंतीवरचा ओलीचा डाग. म्हणजे बागेने आधी या तीन गोष्टी झाकायच्या होत्या. हे मला पहिल्या वर्षी सुचलंच नाही, मी आपली गेटापासून घरापर्यंत कुंड्यांची रांग लावून मोकळी झाले होते.

दुसरा प्रश्न, तुम्ही बाग कधी बघता? मी साडेआठला घर सोडते आणि सातला परत येते. माझी बाग दिवेलागणीची. त्या उजेडात लाल जास्वंद आणि लाल गुलाब काळपट पडतात, जांभळं तर दिसतच नाही. पांढरं मात्र शेवटपर्यंत दिसतं, अंधार पडल्यावरही. म्हणून मोगरा, अनंत, तगर आणि मधुमालती असं पांढऱ्या, बहुतेक वासाच्या फुलांचं ठरलं. तुम्ही सकाळी दहाला मोकळ्या असाल तर तुमचं गणित वेगळं होईल, झेंडू-शेवंतीचा पिवळा तुम्हाला शोभेल. पण एक वेळ ठरवा आणि त्या वेळेसाठी बाग करा.

आता ऊन. खडूने जमिनीवर दर दोन तासांनी सावलीची कड आखा. एवढं मी केलं होतं, पण जानेवारीत. दक्षिणेच्या भिंतीची सावली थंडीत दुपारी चांगली पावणेसहा फूट पडायची, जवळपास भिंतीच्या उंचीइतकी. अर्धसावली बघून अनंत तिथे लावला. मेमध्ये त्याची पानं कडेने करपून तपकिरी झाली. कारण साधं आहे. नाशिक साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडूनच जातो. म्हणजे थंडीत सावली देणारी दक्षिणेची भिंत ऐन उन्हाळ्यात दुपारी काहीच देत नाही. आता अनंतावर मार्च ते जूनपर्यंत पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट असते.

माती

यात काटकसर करू नका. नाशिकच्या आजूबाजूची काळी माती शेताला उत्तम, कुंडीला वाईट. ओली असताना चिकट गोळा, वाळली की भेगा, आणि भेगांतून पाणी सरळ खाली निघून जातं. मुळं कोरडीच राहतात आणि आपल्याला वाटतं पाणी भरपूर घातलं.

माझं माप घमेल्याचं आहे. लाल माती पाच घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत अडीच, भिजवलेलं कोकोपीट दोन, भाताचं तूस दीड. अशा एका ढिगाला दोन ओंजळी निंबोळी पेंड. पाच किलोची कोकोपीटची वीट पाण्यात टाकली की फुगून सत्तरएक लिटर होते, त्यामुळे मोठ्या टबात भिजवा, बादलीत नको. तूस घोटीकडच्या भातगिरण्यांमधून येतं, कुणी त्या बाजूला जाणार असेल तर एक-दोन पोती सांगून ठेवा. त्यातून भाताची दोन-चार रोपं उगवतात. मी ती उपटत नाही.

शेणखत हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. शेणाचा वास येत असेल, हाताला गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. पहिल्या वर्षी दारावर आलेल्या एका गाडीवाल्याकडून तीन गोण्या घेतल्या होत्या. महिन्याभरात तगर मलूल झाली, पाणी घातलं तरी मान टाकलेलीच. कुंडी उलटी केली तर मुळांच्या जागी करंगळीएवढी, पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी. हुमणी. एका कुंडीत पाच निघाल्या. आता खत आणलं की आधी गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर पातळ पसरते आणि दोन दिवस कावळ्या-साळुंक्यांवर सोडून देते. त्या इतकं नीट निवडतात की मला काम उरत नाही.

तुमची बाग गच्चीवर असेल तर वजनाचा विचार आधी करा. नुसती माती भरलेली बारा इंची कुंडी ओली झाली की सहज वीस किलोच्या वर जाते. अशा वेळी मातीचा हिस्सा निम्म्याने कमी करून कोकोपीट आणि तूस वाढवा, जड कुंड्या खांब-तुळईच्या वरच्या बाजूला ठेवा, आणि प्रत्येक कुंडीखाली विटांचे तुकडे घाला म्हणजे स्लॅबवर ओल धरणार नाही.

कुंड्या, क्रेट आणि चिरलेला रांजण

जुन्या नाशकात कुंभारवाड्यात जा आणि डाग पडलेल्या, थोड्या वाकड्या, कड उडालेल्या कुंड्या वेगळ्या मागा. मला आठ कुंड्या साठ रुपयांप्रमाणे मिळाल्या, आणि एक चिरलेला रांजण दोनशेत. कुंभारकाकांनी विचारलं, "ताई, हा पाण्याला चालणार नाही बरं का." म्हटलं, गळायलाच हवाय. बागेला चीर म्हणजे आयतं भोक. नवी मातीची कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिले काही दिवस तीच रोपाचं पाणी पिते. भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा.

मागच्या रांगेसाठी टोमॅटो-द्राक्षांचे जुने क्रेट. इथल्या बाजारात ते मुबलक, कडा तुटलेले पन्नासला एक मिळाले. आतून खताची रिकामी गोणी भोकं पाडून लावायची आणि माती भरायची. एका क्रेटमध्ये पस्तीसएक लिटर माती बसते, म्हणजे मोठ्या कुंडीच्या दुप्पट, आणि उन्हाळ्यात जितकी माती जास्त तितकं रोप निभावतं. दिसायला मात्र क्रेट कुरूपच. त्यांच्यापुढे शहाबादी फरशीचे तुकडे उभे करून टेकवले. जिथे बांधकाम चालू असतं तिथे मुकादमाला विचारा, तुकडे नेऊ देतात.

आता रंगाचा मुद्दा. बहुतेक घरच्या बागा विस्कटलेल्या दिसतात त्या झाडांमुळे नव्हे, भांड्यांमुळे. निळी बादली, पिवळा तेलाचा डबा, पांढरी चिनीमातीची कुंडी, हिरवी प्लास्टिकची. नजर भांड्यांवरच अडखळते. सगळ्यांना एकच रंग द्या. मी गेरू निवडला, कारण स्वस्त आहे आणि त्याच्यावर हिरवा उठून दिसतो. पहिल्यांदा नुसता पाण्यात कालवून लावला. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि सगळा गेरू फरशीवरून वाहत गेटाबाहेर गेला, दारात लाल ओहोळ. सासूबाई म्हणाल्या, "एवढी वर्षं अंगण सारवलंय, गेरूत काहीतरी चिकट घालावं लागतं एवढं विचारायचं तरी." आता एक वाटी गेरूला दोन चमचे फेव्हिकॉल घालून, दुधाइतकं पातळ करून, दोन हात देते. कुंडी पूर्ण कोरडी असताना लावायचा आणि दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. तरी दरवर्षी दिवाळीआधी एक हात लागतोच. कुंडीच्या काठाला पांढऱ्या रंगाची एकच बोटभर पट्टी. मला वारली माणसं काढायचा मोह झाला होता, दोन कुंड्यांवर काढलीही, पण आठही कुंड्यांवर तारपा नाचायला लागला की झाडं कोण बघणार? एका कुंडीवर ठेवली, बाकीची पुसली.

दारूच्या बाटल्या उलट्या पुरून वाफ्याची कड करायची टूम आपल्याकडे आहेच, वाइनच्या गावात भंगारवाल्याकडे बाटल्यांना काय तोटा. फोटोत छान दिसतं. पण आमच्या पश्चिमेच्या उन्हात दुपारी चारला त्या काचा डोळ्यांत घुसतात. निम्म्या काढल्या, सावलीतल्या हिरव्या ठेवल्या.

खोड

या बागेतली सगळ्यांत देखणी वस्तू फुकट आली. दिंडोरीकडे माझ्या मावसभावाने जुनी द्राक्षबाग तोडली. बांधावर खोडांचा ढीग पडला होता. पंधरा-सोळा वर्षांची खोडं, पिळवटलेली, साल दोरखंडासारखी सुटलेली, वर दोन हात पसरलेले. "जळणाला नेतेस का?" त्याने विचारलं. मी त्यातलं एक, चार फुटी, कारच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. सोबत वेलाच्या मांडवासाठी भंगारात निघालेले दोन अँगल आणि तारेचं भेंडोळं, बारा किलो, चाळीस रुपये किलोने. नात्यात व्यवहार चोख बरा.

खोड पंधरा दिवस कडक उन्हात वाळवलं. मग बुरशी लागू नये म्हणून बागाईतदार करतात तसा बोर्डो मलम. एका खोडाला लिटरभर पुरतो. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र ओतायचं. भांडं प्लास्टिकचं हवं, धातूचं नाही, आणि हातात मोजे घाला. ब्रशने लावलं की खोडाच्या खाचांमध्ये फिकट निळसर रंग बसून राहतो. मी तो सजावटीसाठी लावला नव्हता, पण संध्याकाळी गेरूच्या कुंड्यांमागे तो निळा असा काही दिसतो की येणारा प्रत्येक जण रंग कोणत्या कंपनीचा ते विचारतो.

वाळवीसाठी एकच पथ्य, लाकूड मातीला टेकू द्यायचं नाही. खाली काळा दगड, त्यावर खोड, मागे अँगलला तारेने आवळलेलं. आणि त्यावर काहीही टांगायचं नाही, चढवायचं नाही. मनीप्लांट सोडा, ऑर्किड बांधा, घंटा लावा, सल्ले खूप आले. तेवढी एक गोष्ट मोकळी राहू द्या.

तुमचं कुणी द्राक्षवालं नसेल तर मोठा काळा दगड, जुनं जातं, उखळ यातलं काहीही चालेल. तांब्याचं घंगाळ असेल तर त्यात पाणी आणि कुमुद शोभतं, पण त्यात मासे सोडू नका, तांबं त्यांना मारक असतं. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर सिमेंटचा किंवा प्लास्टिकचा टब घ्या.

रोपं मागून आणा

विकत घेतली ती फक्त दोन मोगऱ्याची आणि एक अनंताचं. बाकी सगळं कॉलनीतून. कुणाच्या कुंपणाबाहेर आलेली फांदी दिसली की आधी बेल वाजवायची. नाशिकचे लोक फांदीला नाही म्हणत नाहीत, उलट चहा पाजतात.

फांदी लावायचा काळ जून-जुलै. पेन्सिलीइतकी जाड, सहा ते आठ इंच, फार कोवळी नको. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली, तिरका. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा. दोन डोळे मातीत जातील इतकी खोचा आणि सावलीत ठेवा. तीन ते पाच आठवडे ओढून बघायचं नाही. हे सगळ्यांत अवघड. तगर, जास्वंद, कोलियस अशी सहज लागतात. चाफ्याचं उलट आहे. त्याची फांदी उन्हाळ्यात घ्या, चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस तशीच पडू द्या आणि मग लावा, ताजी लावली तर सडते. पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट पानाचे तुकडे करून वाढवला तर नवी रोपं साधी हिरवी येतात, पिवळी कड नाहीशी होते. ती कड हवी असेल तर बुडातून कोंब वेगळा करा.

मांडवावर मधुमालती चढवली, समोरच्या वहिनींकडच्या कोंबापासून. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही. कपडे वाळत घातलेली गॅलरी तिने दीड वर्षात झाकली. पण ती आवरावी लागते, पावसाळ्यात दर पंधरवड्याला कात्री. नाशिककर म्हणून द्राक्षाचा वेल लावायची हौस असेल तर ती सोडा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधे डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारण्या, हे घराच्या दारात करायचं काम नाही.

गुलाब माझ्याकडे एकच आहे. मुघल काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत, तेवढ्यापुरता. त्याची छाटणी लक्षात ठेवायला सोपी, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की याचीही. मोगऱ्याला जानेवारीत पाणी तोडा, पानं गळू द्या, फेब्रुवारीत फांद्या एक तृतीयांश छाटा, खत देऊन पाणी सुरू करा. मार्च-एप्रिलपासून कळ्या. शेवंतीचे कोंब जून-जुलैमध्ये लावून ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहिलं की थंडीत झुडूप भरतं. दसऱ्याच्या तोरणातले झेंडू वाळवून ठेवा, बी फुकट मिळतं. हायब्रीड असेल तर पुढची फुलं तशीच येतील असं नाही, इतकंच.

मांडणी

सगळं जमल्यावर खुर्चीत बसा आणि मोबाइलवर एक फोटो काढून तो काळा-पांढरा करा. रंग गेले की खरं दिसतं. सगळं एकाच करड्या छटेचा गठ्ठा दिसत असेल तर पानं एकसारखी झाली आहेत. मग मोठ्या पानाची कर्दळ किंवा अळू एका बाजूला, बारीक पानाचं काही पुढे, लोंबणारं काही कडेला. उंच मागे, बुटकं पुढे हे तर आलंच, पण सरळ रांग नको. तीनच्या घोळक्यात ठेवा, मधे हातभर जागा सोडा. माझ्या नऊ बाय चौदात मधला जवळजवळ निम्मा भाग मोकळा आहे, शहाबादीचे तुकडे आणि फटींत वाळू. पाहुणे म्हणतात अजून दहा कुंड्या मावतील. मावतील.

दिवा एकच, पिवळ्या उजेडाचा, खोडाच्या मागे जमिनीलगत. वरून पांढरा एलईडी टाकला की सगळं रेशन दुकानासारखं दिसतं.

कीड आणि पाणी

पिठ्या ढेकूण जास्वंदीला येणारच. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की समजा आला. कापसाने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांडी घासायचा साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठ दिवसांनी पुन्हा.

पाणी बोटाने ठरवा. दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर आज नको. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार साचलेले असतात, कुंडीवर पांढरा थर धरतो. ते फरशी पुसायला वापरा.

उन्हाळ्यासाठी संक्रांतीची सुगडं जपून ठेवा, रंग न दिलेली. वाण लुटून झालं की ती माळ्यावर पडून असतात. प्रत्येक क्रेटमध्ये एक, गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, तोंडावर फरशीचा तुकडा. माती जशी वाळेल तसं सुगड आपोआप पाझरत राहतं. मला दीड दिवसाला भरावं लागतं, मेमध्ये रोज. मुळं त्याच्याभोवती जाळं करतात. गेल्या वर्षी एक काढायला गेले तर मोगऱ्याची मुळं त्याला अशी बिलगली होती की परत तसंच ठेवलं. शेजारच्या काकूंनी यंदा त्यांचीही पाच आणून दिली आहेत, त्यातली दोन सोनेरी रंगाची निघाली. ती पाझरत नाहीत, म्हणून त्यांत पानओवा लावला.